कारखान्यात ईएसएक्सआय, पुण्यात प्रॉक्समॉक्स: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या टपालात सोलापूरची पत्रे बरीच आहेत आणि जवळपास सगळ्यांचा विषय एकच आहे. मुख्य जागी एका कंपनीचा हायपरव्हायझर (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम, चालवणारे सॉफ्टवेअर), आपत्तीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या जागी वेगळ्याच कंपनीचा, तर इथली व्हर्च्युअल मशीन तिथे कशी उठवायची? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ईएसएक्सआय हा हायपरव्हायझर बनवणारी व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्स विकणे बंद झाले. तेव्हापासून दोन्ही जागी तेच सॉफ्टवेअर ठेवणे लहान उद्योगांना परवडेनासे झाले आहे. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न: चिंचोळी एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. दोन ईएसएक्सआय होस्टवर, म्हणजे सर्व्हरवर, सात व्हीएम आहेत, एकूण डिस्क दीड टीबी. पुण्याच्या विक्री कार्यालयात प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरव्हायझरचा एक सर्व्हर बसवला आहे. ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर थेट रेप्लिकेशन (व्हीएमची प्रत दुसरीकडे सतत ताजी ठेवणे) लावता येते का?

उत्तर: हायपरव्हायझरमध्ये आयते मिळणारे रेप्लिकेशन लावता येत नाही, कारण ते घरातल्या घरात चालते. व्हीएमवेअरचे रेप्लिकेशन ईएसएक्सआयवरून ईएसएक्सआयवर जाते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीची रेप्लिका हायपर-व्हीवरून हायपर-व्हीवरच जाते, तिथे ३० सेकंद, ५ मिनिटे किंवा १५ मिनिटे असे तीनच अंतराल मिळतात. प्रॉक्समॉक्सचे स्वतःचे रेप्लिकेशन तर एकाच क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटातल्या) दोन नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरमध्ये, आणि तेही झेडएफएस पद्धतीच्या स्टोरेजवरच होते. चिंचोळी आणि पुणे मिळून एक क्लस्टर करावा असे मनात आले असेल तर ते सोडून द्या. क्लस्टरचे नोड एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या कोरोसिंकला नोडमधला विलंब पाच मिलिसेकंदांच्या आत लागतो आणि दोन शहरांमधल्या साध्या लाइनवर तो टिकत नाही. लाइन जरा डळमळली की चालू नोडही अडचणीत येतो.

प्रॉक्समॉक्समध्ये मार्च २०२४ पासून ईएसएक्सआयची व्हीएम ओढून घेण्याची सोय आली. पत्रांत तिचा उल्लेख वारंवार आहे म्हणून स्पष्ट सांगतो: ती स्थलांतराची सोय आहे, आपत्तीची नव्हे. ती चालू ईएसएक्सआय होस्टशी बोलून डिस्क वाचते. चिंचोळीचा होस्ट जळाला तर ती वाचणार कुठून?

मग उरतात तीन वाटा. पहिली म्हणजे बॅकअपच्या रस्त्याने जाणे. दोन्ही हायपरव्हायझर ओळखणारे बॅकअप सॉफ्टवेअर ईएसएक्सआयवर बदललेले ब्लॉक तेवढे उचलते, बॅकअपची प्रत पुण्यात पाठवते आणि गरज पडेल तेव्हा ती प्रॉक्समॉक्सची व्हीएम म्हणून उभी करते. वीम या बॅकअप सॉफ्टवेअरने ऑगस्ट २०२४ च्या १२.२ आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्सला आधार दिला आहे. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक व्हीएमच्या आत एजंट, म्हणजे बॅकअपचा छोटा प्रोग्राम, टाकून तिला खऱ्या मशीनसारखी वागवणे. खाली कोणता हायपरव्हायझर आहे याच्याशी एजंटला देणेघेणे नसते, पण त्याचा भार त्या व्हीएमवरच पडतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची देखभाल करावी लागते. तिसरी वाट म्हणजे व्हीएमला हात न लावता आतला डेटाच पाठवणे, जसे डेटाबेसचे स्वतःचे रेप्लिकेशन.

सातही व्हीएमना एकच वाट लावू नका. ईआरपीच्या डेटाबेसला तिसरी वाट द्या, म्हणजे १५ मिनिटांपेक्षा जास्त काम जाणार नाही. ॲप्लिकेशन, फाइल सर्व्हर आणि हजेरीची व्हीएम पहिल्या वाटेने दर चार तासांनी पाठवा. डोमेन कंट्रोलरची (सगळ्यांचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरची) प्रत पाठवूच नका, पुण्यात दुसरा डोमेन कंट्रोलर कायम चालू ठेवा. कारण पुढे एका उत्तरात दिले आहे.

दोन गोष्टी आधी तपासा. तुमचे ईएसएक्सआय फुकट लायसन्सवर असेल तर बॅकअप सॉफ्टवेअरला आत शिरायला लागणारे दार, म्हणजे एपीआय, त्यात बंद असते. मग एजंटशिवाय पर्याय नाही. आणि तुम्ही कंपनी म्हणून नोंदलेले असाल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज जायला हवा. पुण्यातल्या प्रतीने हा नियमही पाळला जाईल, मात्र त्या जॉबचा रोजचा अहवाल जपून ठेवा.

प्रश्न: अक्कलकोट रोडवरच्या चार कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. ईएसएक्सआयवरच्या विंडोज सर्व्हर २०१९ चा बॅकअप प्रॉक्समॉक्सवर उतरवला, व्हीएम सुरू केली, तर निळा पडदा आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. बॅकअप खराब आहे का?

उत्तर: बॅकअप बहुधा उत्तम आहे. विंडोजला स्वतःची डिस्क दिसत नाहीये, इतकेच. ईएसएक्सआयवर ती पीव्हीएससीएसआय किंवा एलएसआय या प्रकारच्या आभासी डिस्क कंट्रोलरला जोडलेली होती. प्रॉक्समॉक्सवर तुम्ही ती व्हर्टआयओ स्कझी या तिथल्या कंट्रोलरला जोडली आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजसोबत येत नाही. बूट होताना सर्वांत आधी लागणारा ड्रायव्हरच नसेल तर पुढचे काही वाचता येत नाही.

आता ही घडी नीट लक्षात घ्या, कारण याच ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. मूळ व्हीएमवर व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधीच टाकून ठेवला तर? फाइली कॉपी होतात, पण ईएसएक्सआयवर ते उपकरणच नसल्याने विंडोज तो ड्रायव्हर बूटच्या यादीत घेत नाही. म्हणून इन्स्टॉलर 'यशस्वी' म्हणतो आणि पलीकडे निळा पडदा तसाच राहतो.

प्रॉक्समॉक्सच्या हार्डवेअर टॅबमध्ये स्कझी कंट्रोलरचा प्रकार निवडताना यादीत 'व्हीएमवेअर पीव्हीएससीएसआय' आणि एलएसआयचे प्रकारही आहेत, आणि नेटवर्क कार्डात 'व्हीएमएक्सनेट३' आहे. मूळ व्हीएम ज्या कंट्रोलरवर होती तोच इथे द्या. विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर आधीपासून आहे, मशीन उठते. तेही जमले नाही तर बूट डिस्क साटा या साध्या प्रकारच्या जोडणीवर लावा. वेग कमी मिळेल, पण आपत्तीच्या पहिल्या तासात बिलिंग सुरू होणे महत्त्वाचे, वेग नंतर पाहता येतो.

व्हर्टआयओवर न्यायचे काम सवडीने करा. साटावर उठलेली व्हीएम बंद करून तिला १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडा. व्हर्टआयओ-विनची आयएसओ सीडी म्हणून लावा. विंडोज सुरू करा, ड्रायव्हर टाका आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह राहिलेले नाही हे पाहा. आता विंडोजने तो ड्रायव्हर खऱ्या उपकरणासाठी वापरला, म्हणून तो बूटच्या यादीत गेला. व्हीएम बंद करा, रिकामी डिस्क काढा, बूट डिस्क साटावरून काढून स्कझीवर लावा आणि ऑप्शन्समधल्या बूट क्रमात तिच्यावर खूण करा. हा शेवटचा टप्पा राहिला की 'बूट होण्याजोगी डिस्क नाही' असा संदेश येतो आणि पुन्हा ड्रायव्हरवर संशय जातो.

निळ्या पडद्याऐवजी नुसता काळा पडदा किंवा ईएफआय शेल दिसत असेल तर दोष फर्मवेअरचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, आहे. मूळ मशीनवर 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड'ची ओळ पाहा. 'लेगसी' असेल तर प्रॉक्समॉक्सवर सीबायोस, 'यूईएफआय' असेल तर ओव्हीएमएफ आणि सोबत ईएफआय डिस्क. हायपर-व्हीवर हेच जनरेशन १ आणि जनरेशन २ असते. एकदा बनवलेल्या व्हीएमचे जनरेशन बदलत नाही, चुकले तर मशीन नव्याने बनवून तीच डिस्क जोडायची. जनरेशन १ फक्त आयडीई डिस्कवरून बूट होते, जनरेशन २ ला व्हीएचडीएक्सच लागते. यूईएफआयची बूट नोंद डिस्कवर नसते, मूळ व्हीएमच्या एनव्हीरॅममध्ये (फर्मवेअरच्या स्वतःच्या स्मृतीत) असते आणि ती प्रतीसोबत येत नाही. फर्मवेअरच्या मेनूतून ईएफआय विभाजनातली बूट फाइल एकदा हाताने निवडावी लागू शकते.

मशीन उठल्यावर डी ड्राइव्ह गायब दिसली तर घाबरू नका. नवीन कंट्रोलरवरच्या डेटा डिस्क विंडोज सर्व्हर कधी कधी ऑफलाइन ठेवतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ऑनलाइन करा. नेटवर्क कार्डही नवे समजले जाते, म्हणून जुना स्थिर आयपी अदृश्य झालेल्या जुन्या कार्डाला चिकटून बसतो आणि नव्याला तोच आयपी देताना विंडोज तक्रार करतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवायला सांगा आणि जुने कार्ड तिथून काढा. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करण्याचे साधन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर आणि दुसऱ्या इमारतीत असायला हवी, कारण त्याची किल्ली जपणारी मूळ व्हीएमची टीपीएम चिप पलीकडे येत नाही.

आणि एक विनंती: तिकडच्या प्रतीतून व्हीएमवेअर टूल्स लगेच उडवायला जाऊ नका. दुसऱ्या हायपरव्हायझरवर ते सहजी निघतही नाहीत, आणि परत ईएसएक्सआयवर जायचे असेल तर ते असलेले बरे.

प्रश्न: लिनक्सच्या व्हीएमला हा त्रास होतो का?

उत्तर: उबंटू आणि डेबियनला सहसा होत नाही. त्यांच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) बहुतेक सगळे ड्रायव्हर भरलेले असतात. रेड हॅट, अल्मा, रॉकी यांच्या इनिटरॅमएफएसमध्ये मात्र चालू हार्डवेअरला लागणारेच ड्रायव्हर घेतले जातात, म्हणून पलीकडे ड्रॅकटच्या आपत्कालीन शेलवर गाडी थांबते. उपाय मूळ मशीनवरच, आधी करायचा: होस्टओन्ली (फक्त चालू हार्डवेअरपुरते ड्रायव्हर घेण्याची खूण) बंद ठेवून इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा आणि त्यात व्हर्टआयओचे व हायपर-व्हीचे ड्रायव्हर दोन्ही घ्या. त्याने मूळ मशीनचे काही बिघडत नाही. विंडोजच्या उलट, इथे आधी केलेली तयारी खरोखर लागू पडते. डिस्कची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलीत एसडीए, व्हीडीए अशी नावे असतील तर ती काढून डिस्कचा कायम ओळख क्रमांक, म्हणजे यूयूआयडी, लिहा. नेटवर्क कार्डाचे नावही बदलेल, ईएसएक्सआयवरचे ईएनएस१९२ प्रॉक्समॉक्सवर बहुधा ईएनएस१८ होते. रेड हॅट ९ आणि तिच्या भावंडांना x८६-६४-व्ही२ दर्जाचा सीपीयू लागतो. व्हीएमला जुना केव्हीएम६४ प्रकार दिला तर ती सुरुवातीलाच कोसळते.

प्रश्न: आमच्या रुग्णालयात हायपर-व्हीवर एक डोमेन कंट्रोलर आणि एसक्यूएल सर्व्हरवर चालणारी रुग्णनोंदणी आहे. दुसऱ्या इमारतीत केव्हीएमवर (प्रॉक्समॉक्सच्या पोटात असलेला लिनक्सचा हायपरव्हायझर) चाचणी घेतली. दोन्ही मशीन उठल्या, पण कोणालाच लॉगिन होईना. पासवर्ड तर बरोबर होते.

उत्तर: आधी पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहा. ते बरोबर साडेपाच तास मागे असेल तर कारण सापडले. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे धरते आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ. केव्हीएमवर व्हीएम बनवताना तिचा प्रकार 'विंडोज' न निवडता 'इतर' ठेवला तर तिला यूटीसी मिळते. म्हणजे सकाळी साडेदहाला सर्व्हर पहाटेचे पाच समजतो. केर्बेरॉस ही लॉगिन तपासण्याची पद्धत फक्त पाच मिनिटांचा फरक चालवून घेते, त्यापुढे बरोबर पासवर्डही नाकारते. प्रॉक्समॉक्सवर ऑप्शन्समध्ये आरटीसीसाठी (मशीनच्या घड्याळासाठी) स्थानिक वेळ वापरण्याची खूण आहे, ती करा. रुग्णालयात हे अधिकच जपा. चुकीच्या वेळेने नोंदलेले औषध किंवा तपासणी नंतर दुरुस्त करणे फार अवघड जाते.

डोमेन कंट्रोलरची प्रत पाठवू नका असे वर म्हटले ते याचसाठी. डोमेन कंट्रोलर आपसात बदलांचे क्रमांक मोजत असतात. जुन्या प्रतीतला कंट्रोलर अचानक उठला तर तो आधी वापरलेलेच क्रमांक पुन्हा वापरू लागतो आणि दुसरे कंट्रोलर त्याचे बदल घेत नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ पासून जनरेशन आयडीची (जुनी प्रत उठली हे ओळखवणाऱ्या क्रमांकाची) सुरक्षा आहे, पण ती हायपरव्हायझरने आयडी दिला तरच चालते. एवढ्या भानगडीपेक्षा दुसऱ्या इमारतीत २ व्हीसीपीयू, ४ जीबी रॅमचा एक जिवंत कंट्रोलर ठेवणे स्वस्त आणि बिनघोर आहे. डीएनएसही तोच देईल.

रुग्णनोंदणीच्या डेटाबेससाठी लॉग शिपिंग (बदलांची नोंदवही, म्हणजे लॉग, ठरावीक वेळाने दुसरीकडे पाठवून उतरवणे) वापरा. त्यात बॅकअप, कॉपी आणि रिस्टोअर या तिन्ही कामांचा मूळ अंतराल १५ मिनिटांचा असतो, तो ५ मिनिटांवर आणता येतो. एसक्यूएलच्या एक्स्प्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी कामे चालवणारा एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो म्हणून हे आयते मिळत नाही. तिथे टास्क शेड्यूलरने लॉग बॅकअप घेऊन कॉपी करावा लागतो. शिवाय व्हीएमचा बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरला एसक्यूएलसाठी 'कॉपी ओन्ली' (नुसती प्रत, एसक्यूएलच्या बॅकअप क्रमाला धक्का न लावणारी) वर ठेवा. नाहीतर एसक्यूएलच्या स्वतःच्या डिफरेन्शियल बॅकअपचा पाया बदलतो किंवा लॉगची साखळी दोन ठिकाणी विभागली जाते, आणि हे कळते ते रिस्टोअर करायला बसल्यावर.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेची एकूण डिस्क ६०० जीबी आहे. पुण्याला प्रत पाठवायची तर किती वेगाची लाइन घ्यावी? विक्रेता २०० एमबीपीएस सांगतो.

उत्तर: लाइन एकूण डेटावर नाही, रोज बदलणाऱ्या डेटावर ठरते. गेल्या सात दिवसांच्या इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाच्या) बॅकअपचे आकार पाहा. समजा, दिवसाला १८ जीबी बदलतात. १८ जीबी म्हणजे १,४४,००० मेगाबिट. कामकाजाच्या १० तासांत, म्हणजे ३६,००० सेकंदांत, ते पाठवायचे तर सरासरी ४ एमबीपीएस लागतात. गर्दीच्या तासाला तिप्पट धरा, १२. वर थोडी मोकळीक ठेवली तरी अपलोडला २० ते २५ एमबीपीएस पुरतात. 'अपलोड' हा शब्द करारात पाहा. ब्रॉडबँडच्या जाहिरातीत मोठा आकडा बऱ्याचदा डाउनलोडचा असतो.

हा हिशेब बिघडवणारी एक गोष्ट आहे. आठवड्यातून एकदा डेटाबेसचे इंडेक्स नव्याने बांधण्याचे काम लावलेले असते. ग्राहकांच्या दृष्टीने एक रुपयाही हललेला नसतो, पण डिस्कवरचे ब्लॉक झाडून सगळे बदलतात. २०० जीबीचा डेटाबेस असेल तर ५० एमबीपीएसच्या लाइनवर नऊ तास नुसते तेच जात राहते आणि सोमवारी सकाळी पुण्याची प्रत शनिवारवर अडकलेली असते. तुकडे झालेलेच इंडेक्स बांधा, सरसकट नको. डीफ्रॅगमेंट बंद करा. टेम्पडीबी (एसक्यूएलचा तात्पुरता डेटाबेस) आणि पेजफाइल (विंडोजची तात्पुरती मेमरी फाइल) वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क जॉबमधून वगळा, मात्र पलीकडे त्याच अक्षराची रिकामी डिस्क तयार ठेवा, नाहीतर एसक्यूएल सुरूच होणार नाही.

पहिली पूर्ण प्रत लाइनवरून पाठवू नका. ६०० जीबी ५० एमबीपीएसवर, ७० टक्के वापर धरला तर, ३८ तास घेतात. तेच यूएसबी डिस्कवर १०० एमबी प्रतिसेकंदाने पावणेदोन तासांत उतरते, आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने माणूस दुपारच्या आत पुण्यात पोहोचतो. डिस्क एन्क्रिप्ट करूनच न्या, ती ठेवीदारांची माहिती आहे. पावसाळ्यात रस्त्याचाही विचार करा: सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरामुळे लांबोटीजवळ पुणे महामार्गावरची वाहतूक थांबली होती. त्यामुळे 'वेळ आली की गाडी काढून डिस्क घेऊन जाऊ' ही योजना पहिल्या प्रतीपुरती ठीक, आपत्तीच्या दिवसासाठी नाही.

दोन जागांना जोडणाऱ्या सुरक्षित टनेलबद्दल (व्हीपीएनबद्दल) एक सूचना. वायरगार्ड या टनेलचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, साधारणपणे १४२० असतो. पिंग जाते, छोट्या फाइली जातात, पण मोठी प्रत सुरू होताच लटकते असे दिसले तर दोन्ही टोकांना तो कमी करून, १३८० वगैरे, पाहा.

प्रश्न: दुसऱ्या जागी व्हीएम उठल्यावर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये गेली. लायसन्सचे काय करायचे?

उत्तर: सॉफ्टवेअरला मशीन बदलल्यासारखे वाटले. पलीकडच्या व्हीएमला मूळचाच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि मूळचाच सिस्टिम यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) द्या. प्रॉक्समॉक्समध्ये दुसरा ऑप्शन्समधल्या एसएमबायोसमध्ये भरता येतो. बरीच लायसन्स एवढ्याने शांत होतात. नाही झाली तर पुन्हा ॲक्टिव्हेट करावे लागेल, त्यासाठीचा ईमेल आणि पासवर्ड त्याच व्हीएमच्या मेलबॉक्समध्ये अडकलेला नसावा. यूएसबी डाँगल (लायसन्सची किल्ली असलेला यूएसबी तुकडा) असेल तर हायपर-व्ही तो व्हीएमला देऊच शकत नाही, नेटवर्कवरून यूएसबी देणारे उपकरण लागते. प्रॉक्समॉक्स आणि ईएसएक्सआय देतात, पण डाँगल एकच आणि जागा दोन, तेव्हा विक्रेत्याकडून दुसऱ्या जागेचे लेखी पत्र आधीच घ्या. विंडोज सर्व्हरचे लायसन्स सॉफ्टवेअर ॲशुरन्सशिवाय (मायक्रोसॉफ्टच्या जादा कराराशिवाय) ९० दिवसांत एकदाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येते. ॲशुरन्स असेल तर आपत्तीसाठीच्या प्रतीचा हक्क त्यात मिळतो.

प्रश्न: आमच्या साखर कारखान्यात गळीत हंगामात सर्व्हर बंद पडला तर वजनकाट्यावर उसाची वाहने उभी राहतात. रेप्लिका पंधरा मिनिटांची आहे. रॅन्समवेअर आला तर ती वाचवेल का?

उत्तर: एकच ताजी प्रत ठेवली असेल तर नाही. मूळ फाइली कुलूपबंद झाल्या की पंधरा मिनिटांत रेप्लिकाही तशीच होते, ती आपले काम चोख करत असते. म्हणून मागचे बिंदू लागतात. हायपर-व्ही रेप्लिका तासाचा एक असे जास्तीत जास्त २४ बिंदू ठेवते, म्हणजे एक दिवस. आत शिरलेला माणूस शनिवारी फाइली कुलूपबंद करील आणि कोणी बघेल सोमवारी, मग २४ तास पुरत नाहीत. रोजच्या किमान १४ प्रती अशा ठिकाणी ठेवा जिथे मुख्य जागेच्या ॲडमिनला पुसण्याचा अधिकारच नाही. पलीकडचा हायपरव्हायझर आणि बॅकअप सर्व्हर डोमेनला जोडू नका, पासवर्ड वेगळे ठेवा, आणि प्रत इकडून ढकलण्याऐवजी तिकडून ओढून घ्या, म्हणजे इकडच्या मशीनवर तिकडची किल्लीच राहणार नाही.

दोन वेगळे हायपरव्हायझर असण्याचा इथे खरा फायदा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या हल्ल्याने ईएसएक्सआयमधल्या दोन वर्षे जुन्या त्रुटीतून व्हीएमच्या फाइलीच कुलूपबंद केल्या. ज्यांच्या दोन्ही जागी अपडेट न केलेले ईएसएक्सआय होते त्यांची दोन्ही दारे एकाच किल्लीने उघडत होती. हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावे लागते आणि १८० दिवसांचे लॉग हाताशी असावे लागतात. ते लॉगही मूळ सर्व्हरवरच असतील तर उपयोग नाही.

वजनकाट्याचा विचार वेगळा करा. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवरून बोलतो. तो व्हीएमला होस्टच्या पोर्टमधून जोडला असेल तर पलीकडे उठलेल्या व्हीएमला काटा दिसणारच नाही. सिरियल-इथरनेट कन्व्हर्टर लावून त्याला स्थिर आयपी द्या, आणि तो आयपी दुसऱ्या जागेहून टनेलमधून गाठता येतो का हे पाहा. लाइनच तुटली तर काट्याजवळच्या एका साध्या संगणकावर वजन तात्पुरते नोंदवून ठेवण्याची सोय हवी. सभासदाच्या उसाचे वजन कागदावर अंदाजे लिहिण्याची वेळ येऊ देऊ नका.

चाचणी हंगामाच्या आधी, सप्टेंबरमध्ये घ्या. पलीकडे कोणतेही खरे नेटवर्क कार्ड न जोडलेला ब्रिज बनवा आणि प्रती त्यावरच उठवा. तसे न करता खऱ्या नेटवर्कवर उठवल्या तर एकाच आयपीची दोन मशीन समोरासमोर येतात आणि चाचणीच आपत्ती होते. क्रम असा: डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस, मग डेटाबेस, मग ॲप्लिकेशन. घड्याळ लावून प्रत्येक टप्प्याची मिनिटे लिहा. लॉगिनचा पडदा आला म्हणजे झाले असे समजू नका. काटा विभागाच्या लिपिकाला बसवून कालची शेवटची पावती उघडायला लावा, तिचा क्रमांक मूळ सर्व्हरवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा आणि एक नवी पावती छापा. दोन क्रमांकांतला फरक म्हणजेच तुमचा खरा आरपीओ (आपत्तीत किती काम गमवाल याचे माप), जाहिरातीतला नव्हे.

प्रश्न: मूळ सर्व्हर दुरुस्त झाल्यावर परत कसे यायचे? याबद्दल कोणी सांगतच नाही.

उत्तर: कारण परतीची वाट जास्त कठीण आहे. जाताना बदललेल्या ब्लॉकची यादी ईएसएक्सआयने ठेवली होती. परत येताना प्रॉक्समॉक्सकडची यादी ईएसएक्सआयला उमजत नाही, म्हणून बहुतेक वेळा पूर्ण डिस्क बदलून आणावी लागते. ६०० जीबीचे ३८ तास इथे पुन्हा मोजा.

त्यामुळे पूर्ण व्हीएम परत आणण्याचा हट्ट धरू नका. मूळ जागी आपत्तीपूर्वीच्या बॅकअपमधून व्हीएम जशीच्या तशी उभी करा, तिचे ड्रायव्हर, टूल्स, आयपी सगळे तिथल्या मातीचेच असेल. मग पुण्याच्या डेटाबेसचा पूर्ण बॅकअप तिच्यावर नोरिकव्हरीने (डेटाबेस न उघडता, पुढचे लॉग घेण्यास तयार ठेवून) उतरवा आणि पुढचे लॉग दर १५ मिनिटांनी लावत राहा. बदल करायच्या रात्री पुण्यातले ॲप्लिकेशन बंद करा, शेवटचा लॉग उतरवा, डेटाबेस खुला करा, डीएनएसमधला पत्ता फिरवा. डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) दोन दिवस आधीच ५ मिनिटांवर आणलेला असावा. असे केले तर काम अर्ध्या तासाच्या आत उरकते. पुण्याची व्हीएम बंद ठेवा, पण निदान एक आठवडा पुसू नका, आणि तिचे 'बूटवेळी आपोआप सुरू' आठवणीने काढा. वीज जाऊन आली आणि ती गुपचूप उठली तर दोन डेटाबेसमध्ये पावत्या पडू लागतील.

प्रश्न: वीज अचानक गेली की दुसऱ्या दिवशी बॅकअप सात तास चालतो. एरवी चाळीस मिनिटांत होतो. का?

उत्तर: बदललेल्या ब्लॉकची यादी विश्वासाची राहिली नाही म्हणून सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क वाचते. ईएसएक्सआयमध्ये होस्ट झटक्यात बंद पडला तर असे होऊ शकते. प्रॉक्समॉक्समध्ये तर व्हीएम नीट बंद करून पुन्हा सुरू केली तरी यादी जाते, कारण ती चालू व्हीएमच्या मेमरीत असते. तिथे वाचन पूर्ण होते, पण लाइनवर बदललेलेच तुकडे जातात. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, यूपीएसवर लक्ष ठेवणारे नट हे सॉफ्टवेअर टाका आणि बॅटरी निम्म्यावर आली की आधी ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, मग होस्ट अशा क्रमाने बंद होऊ द्या. एप्रिल-मेच्या सोलापुरात बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. त्यांची चाचणी मार्चमध्ये, वर्षअखेरीच्या गर्दीच्या आधी घ्या, आणि ती भिंतीतला प्लग काढून घ्या. यूपीएसच्या पडद्यावरचे 'ठीक' त्यासाठी पुरेसे नाही.